सिंहस्थाआधीचं लग्न

माझी जांभळी इरकल मला एका मंगल कार्यालयात भेटली. जेवणाच्या हॉलच्या दारात पाठमोरी उभी होती. साडी ओळखायला मला चेहरा बघायची गरज नव्हती. पदराजवळचा रफू मीच करवून घेतला होता. मी हाक मारायच्या आत ती वळली. माझी चुलत जाऊ. मला बघून तिचा हात आधी पदराकडे गेला आणि मग तोंडाकडे. "अगंबाई, ताई! तुम्ही?" ती म्हणाली.

चूक तिची नव्हती. ती साडी मीच तिला घरी बोलावून दिली होती, आणि देताना म्हटलं होतं, "नेसलीस की माझी आठवण काढ." मरायला टेकलेल्या बाईच्या तोंडी असं वाक्य शोभून दिसतं. ती बाई मेलीच नाही तर त्या वाक्याचं काय करायचं, हे मात्र कोणी सांगून ठेवलेलं नाही. आम्ही दोघी मठ्ठ्याचे ग्लास हातात धरून उभ्या राहिलो. "रंग चांगला टिकलाय," मी म्हटलं. तिनं पुढच्या आठवड्यात ती साडी धुऊन, इस्त्री करून परत पाठवली. ते तर आणखी वाईट झालं.

मला पोटाचा कॅन्सर झाला होता आणि मी त्यातून वाचले. असं सांगितलं की लोक हात जोडतात, देवाचं नाव घेतात, माझ्या हिमतीचं कौतुक करतात. मला त्या कौतुकानं मेल्याहून मेल्यासारखं होतं. मी जगले याची मला लाज वाटते. हे असं उघड म्हटलं की कोणीतरी लगेच "असं बोलू नये" म्हणतं, म्हणून आजवर बोलले नाही. पण खरं ते खरं. ही लाज साड्यांपुरती असती तर मी ती हसण्यावारी नेली असती. ती माझ्या सुनेपाशी येऊन थांबते.

मी गणिताची शिक्षिका. नाशिकच्या एका मराठी शाळेत सातवी ते दहावीचे वर्ग घ्यायची. मुलं मला घाबरत आणि मला त्याचं काही वाईट वाटत नसे. नुसतं उत्तर लिहिलं की मी अर्धे गुण कापायची. उत्तर काय, शेजारच्याच्या वहीतलंही असू शकतं, पायऱ्या दाखवा. घरातही मी तशीच होते. आमचे हे एकदा म्हणाले होते, "तुझ्याकडून मीठ मागायचं तरी कारण सांगावं लागतं."

दोन हजार साल उलटून गेलं होतं आणि नाशिकला सिंहस्थ लागायचा होता. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात मला जेवण जाईनासं झालं. दोन घासांत पोट डब्ब व्हायचं. स्टाफरूममध्ये प्रत्येकीनं आपापलं औषध सांगितलं, कोणी कोकम, कोणी थंड दूध, आणि मी सगळी करून पाहिली. शेवटी नळी घालून तपासणी झाली, तुकडा काढला आणि कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये जठराचा बराचसा भाग गेला. घरात सगळे त्याला 'अल्सर' म्हणत होते. माझ्यासमोर म्हणत, आणि मी खोलीत नसले की काहीच म्हणत नसत. मीही त्यांना म्हणू दिलं. त्या अल्सरला बघायला इगतपुरीपासून नातेवाईक शहाळी घेऊन येत होते, यावरून काय ते मला कळत होतंच.

काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात बसवून मुंबईला पाठवला होता. तिथे त्याला कसले कसले रंग लावून बघणार होते. त्याचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी यांना आणि भाऊजींना आत बोलावलं. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. कुठल्याही ऑफिसातून पक्कं उत्तर घेतल्याशिवाय हलायचं नाही अशी त्यांची ख्याती. मी बाहेरच्या बाकावर बसावं अशी सगळ्यांची इच्छा होती. मी उठले, दार ढकललं आणि आत जाऊन तिसऱ्या खुर्चीवर बसले.

"पोट माझं आहे," मी म्हटलं. "सांगा."

डॉक्टर तरुण होते. ते यांच्याकडे बघायला लागले. हे छताकडे बघायला लागले. मग डॉक्टरांनी पॅडच्या मागच्या बाजूला पेननं गोल गोल काढले. या पेशी. प्रत्येक पेशीत एक प्रथिन असतं, त्याचं काम पहाऱ्याचं. पेशी बिघडून वाटेल तशी वाढायला लागली की ते तिला अडवतं. काही गाठींमध्ये हे पहाऱ्याचं प्रथिनच बिघडतं. मग ते काम तर करत नाही, पण जागाही सोडत नाही, पेशीत साचून राहतं. विशिष्ट रंग लावला की ते साचलेलं प्रथिन सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी दिसतं.

"काम करत नाही आणि खुर्चीही सोडत नाही," मी म्हटलं. "आमच्या शाळेत असे दोघं आहेत."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी काढलेले गोल एकेक करून रंगवले, जवळजवळ सगळे. "तुमच्या गाठीत बहुतेक पेशी अशा निघाल्यात. याला मार्कर म्हणतात. असा मार्कर असला की आजार परत येण्याचा संभव जास्त दिसलेला आहे. पण बाई, हे पुष्कळ रुग्णांच्या सरासरीवरून काढलेलं अनुमान आहे. एका माणसाचं काय होईल ते यावरून सांगता येत नाही."

हे वाक्य मी नीट ऐकलं होतं. सरासरी मी दरवर्षी सातवीला शिकवायची. वर्गातली पोरं उंचीप्रमाणे उभी करून, सगळ्यांची उंची मोजून, सरासरी काढून मी विचारायची, की आता या उंचीचं पोर कोणतं ते दाखवा. बहुतेक वेळा कोणीच नसायचं. पोरं चकित व्हायची आणि मला तो तास फार आवडायचा. पण त्या दिवशी डॉक्टरांच्या समोर बसून मी ते रंगवलेले गोल बघितले आणि सातवीतलं सगळं विसरले. मला फक्त तपकिरी दिसलं.

भाऊजी निघताना दारात थांबले. "साहेब, तरी अंदाजे?"

"अंदाज देणं बरोबर नाही," डॉक्टर म्हणाले. भाऊजी हलेनात. शेवटी डॉक्टर म्हणाले, "महत्त्वाची कामं असतील तर लांबणीवर टाकू नका."

एवढंच ते म्हणाले होते. पण रिक्षा घरी पोचेपर्यंत त्याचं 'वर्षभर' झालं होतं. कोणी केलं ते मला आजही सांगता येत नाही. रिक्षात आम्ही तिघंच होतो आणि तिघंही गप्प होतो.

महत्त्वाचं काम आमच्या घरी एकच होतं. मुलगा अंबडच्या एका कारखान्यात लागला होता, लग्नाचा होता. एरवी आणखी दोन वर्षं आम्ही काही बोललोही नसतो. पण यांनी आमच्या गुरुजींना सहज म्हणून विचारलं आणि गुरुजींनी पंचांग उघडलं. गुरू सिंह राशीत शिरला की सिंहस्थ लागतो आणि आपल्या गोदाकाठी लग्नाचे मुहूर्त बंद होतात. यंदा पावसाळ्याच्या तोंडाला तो शिरणार होता. "करायचं तर आत्ता," गुरुजी म्हणाले, "नाहीतर वर्ष-सव्वा वर्ष थांबा."

वर्ष-सव्वा वर्ष. हे माझ्याकडे बघायला लागले आणि मी स्वयंपाकघरात निघून गेले.

मी पंचांग मानत नव्हते. आकाशातला एक ग्रह कुठल्या घरात बसलाय म्हणून माणसांनी खालती अक्षता टाकायचं थांबवावं, याची मी आयुष्यभर टिंगल केली होती. पण मुंबईहून आलेला तो कागद मी कुंडलीसारखाच मानला. गुरुजींचा ग्रह आणि माझं प्रथिन यांनी मिळून तारीख ठरवली, आणि मी, पायऱ्या मागणारी बाई, एकालाही पायऱ्या विचारल्या नाहीत. खरं सांगायचं तर मला सून बघायची होती. मुलाच्या डोक्याला मुंडावळ्या बांधलेल्या बघायच्या होत्या.

स्थळ निफाडकडचं आलं. द्राक्षबागावाले, खाऊनपिऊन सुखी, माणसं सरळ. आम्ही काही लपवलं नाही. उलट आजारपणाचीच माहिती आधी दिली, त्यामुळे तर घाई होती. मुलगी पोहे घेऊन आली. अंगानं बारीक, डोळे मात्र धीट. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा नुकतीच दिली होती, विषय वनस्पतिशास्त्र. मी तिला काही विचारायच्या आत तिनंच विचारलं, आणि तेही मला.

"माझं शेवटचं वर्ष राहिलंय. त्याचं काय?"

तिचे वडील जरा चपापले. हे घाईनं म्हणाले, "यंदा घरात जरा आजारपण आहे. पुढल्या वर्षी नक्की घालू कॉलेजात."

"मी पाठवीन तिला," मी म्हटलं. "माझा शब्द आहे."

हे माझ्याकडे बघत राहिले. पुढल्या वर्षी जी असणार नाही ती शब्द देते आहे, असंच ते बघणं होतं. मुलीनं मात्र मान डोलावली. तिला माझा शब्द पुरेसा वाटला.

त्याच दोन महिन्यांत मी साड्या वाटल्या. लग्नात निदान चार बायका माझ्या साड्यांत वावरत होत्या. शाळेनं निरोप समारंभ उरकून घेतला, कारण मी नोकरी सोडली होती. शाल, नारळ आणि भाषणं. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई अत्यंत शिस्तप्रिय होत्या." मी पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. त्यांचा काळ चुकला असं मला तेव्हा वाटलं नाही.

लग्नात मला फार वेळ उभं राहवत नव्हतं, म्हणून मुलीकडच्या खोलीला लागून, पडद्याआड, माझ्यासाठी गादी टाकली होती. मी तोंडावर पदर घेऊन पडले होते. पलीकडे मुलीला नटवत होते. तिची आत्या तिच्या डोक्यात गजरा माळत असावी.

"रडू नको गं," आत्या म्हणाली. "सासुरवास म्हणशील तर तुला नायच. सासू लय दिवसांची नाय. वरीसभर कर तिचं, पुण्य हाय. मंग तूच घरची मालकीण."

"आत्या, हळू," मुलगी म्हणाली.

"हळू काय? त्यांनीच सांगितलंय समदं. आन् मंग जा की कालिजात. कोन हाय अडवाया?"

मी पदराआड डोळे मिटून घेतले. आत्याचं काही चुकलं नव्हतं. आम्हीच तसं ठरवून त्यांची मुलगी मागितली होती. स्थळाचे गुण सांगताना मुलाची नोकरी, स्वतःचं घर आणि माझं मरण, तिन्ही सांगितली होती.

आणि मी मेले नाही.

सुरुवातीला मला त्याची लाज वाटली नाही, कारण अजून वेळ होता. पावसाळा गेला, दिवाळी आली. इंजेक्शनांनी केस गेले, तोंड आलं, मी पडून राहिले. सगळं रीतसर चाललं होतं. सून सगळं करायची. जठर नसल्यासारखंच असल्यामुळे मला एका वेळी वाटीभरच जायचं, म्हणून दिवसातून सहा वेळा खायला लागायचं. मऊ उपमा, नाचणीची पेज, लुसलुशीत इडली, ताकातली उकड. गोड खाल्लं की दरदरून घाम फुटायचा आणि आडवं व्हावं लागायचं, म्हणून सणाच्या दिवशी माझं ती वेगळं शिजवायची. न सांगता, न विसरता. वाटी ठेवायची आणि मी संपवेपर्यंत तिथंच काहीतरी निवडत बसायची.

मग वर्ष उलटलं. जून उजाडला, कॉलेजं उघडली. मी तिला म्हटलं, "नाव घाल." ती म्हणाली, "आधी तुमची तपासणी होऊ दे." तपासणी झाली. नळीत काही सापडलं नाही. डॉक्टर म्हणाले, आत्ता तरी ठीक. 'आत्ता तरी' हे शब्द आम्ही सगळ्यांनी घरी आणले आणि त्यांच्याभोवती बसलो. आत्ता तरी ठीक असलेल्या बाईला सहा वेळा कोण घालणार? नाव घातलं गेलं नाही.

सिंहस्थाचा तो शेवटचा पावसाळा होता. स्नान राहिलेल्यांची नाशकात रीघ लागली होती आणि आमच्या घरात पाहुण्यांचा महिनाभर मुक्काम. गोदावरीचं स्नान आणि माझं दर्शन, पाहुणे दोन्ही उरकून घेत. "बऱ्या दिसता की हो!" असं ते म्हणत, आणि त्यातलं आश्चर्य लपवायचे कष्टही घेत नसत. सून भांडंभर पोहे करायची आणि माझी वाटी वेगळी काढायची. पुढच्या वर्षी तिला दिवस गेले. मग नातू झाला. मग तो रांगायला लागला. दर वर्षी एक चांगलं, सबळ कारण असायचं, आणि दर वर्षी ती माझ्याबरोबर रिक्षातून तपासणीला यायची, बाहेरच्या बाकावर बसायची, आणि मी बाहेर येऊन "काही नाही निघालं" म्हटलं की "बरं झालं, आई" म्हणायची.

ती 'बरं झालं' म्हणायची तेव्हा मला तिच्याकडे बघवत नसे. माझ्या प्रत्येक चांगल्या रिपोर्टानं तिचं कॉलेज आणखी लांब जात होतं. तिनं माझ्या घरात येताना जो हिशेब मांडला होता, आणि जो आम्हीच तिला मांडून दिला होता, तो मी दर वर्षी खोटा पाडत होते. आणि मला जगायचं तर होतंच. हेच मला सहन होत नव्हतं, की नळी बाहेर काढल्यावर माझा जीव भांड्यात पडायचा आणि पुढच्याच क्षणी बाहेरच्या बाकाची आठवण होऊन मान खाली जायची.

लाज वाटली की मला राग येतो. मी तिच्यावर ओरडायला लागले. उकडीत मीठ जास्त झालं, इडली वातड झाली, काय वाटेल ते. एकदा मी वाटी सरकवून म्हटलं, "पुरे झालं तुझं हे सहा सहा वेळा! मला काय लहान पोर समजतेस?" तिनं वाटी उचलली, आत नेली, गरम करून परत आणली आणि पुढ्यात ठेवली. बसून मेथी निवडायला लागली. मी खाल्लं. मला वाटायचं, ही मुलगी मला शिक्षा करते आहे. एक शब्द न बोलता, दिवसातून सहा वेळा.

पाच वर्षं झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले की आता दर वर्षी यायची गरज नाही. त्यांचे केस पांढरे व्हायला लागले होते. सून त्या दिवशी आत आली होती, नातू बालवाडीत होता. मी विचारलं, "आणि ते तपकिरी प्रथिन?"

डॉक्टर जरा ओशाळले. "तेव्हा आम्ही त्याच्यावर जरा जास्तच भर देत होतो. आता नुसत्या त्या एका मार्करवरून कोणाला काही सांगत नाही. गाठ किती खोल गेली, आसपासच्या ग्रंथींत पोचली का, ते जास्त महत्त्वाचं. तुमचं ते सगळं चांगलं होतं."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं," ते म्हणाले. "रिपोर्टातही आहे."

असेलच. त्यांनी सांगितलं असेल आणि मी रंगवलेले गोल बघत बसले असेन. "आणि सरासरीचं तर मी तुम्हाला म्हटलंच होतं," ते पुढे म्हणाले. "ती काढताना जगलेलेही त्यात धरलेले असतात, बाई."

हे मला सातवीतल्या पोरानं सांगितलं असतं. मी सुनेकडे बघितलं नाही.

बाहेर आल्यावर मी रिक्षावाल्याला घरचा पत्ता न सांगता कॉलेजचा सांगितला. सून म्हणाली, "आई, कुठे?" मी म्हटलं, "शब्द दिला होता." मला वाटत होतं की आज तरी मी मान वर करून कुठेतरी जाते आहे. कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीपाशी रांग होती. आमचा नंबर आला तेव्हा मी माझ्या वर्गातल्या आवाजात सगळं सांगितलं: दोन वर्षं पूर्ण, तिसरं राहिलेलं, गुण चांगले. मी सकाळीच पर्समध्ये टाकलेली तिची गुणपत्रिका आतल्या गृहस्थांनी उलटसुलट बघितली आणि सौम्यपणे सांगितलं की मधल्या काळात अभ्यासक्रम बदलला. जुनी दोन वर्षं आता धरत नाहीत. करायचं तर पहिल्या वर्षापासून.

"पहिल्यापासून?" मी म्हटलं. "अहो, ती पास झालेली आहे."

"तेव्हाच केलं असतं तर झालं असतं," ते म्हणाले आणि आमच्या मागच्या मुलाचा कागद घेतला.

तेव्हाच. आवारात एका कडुनिंबाखाली सिमेंटचा बाक होता, तिथे आम्ही बसलो. आजूबाजूला पोरीपोरं हसत होती, कोणाच्या तरी मोबाईलवर गाणं वाजत होतं. आयुष्यात मला इतकी शरम कधी वाटली नव्हती. मी जगले त्याची किंमत त्या खिडकीवर मला कोणीतरी शांतपणे वाचून दाखवली होती. मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं हे. मला तोंड दाखवायला जागा नाही तुझ्यापुढे."

तिनं पिशवीतून डबा काढला. माझ्या खाण्याची वेळ झाली होती. घडीची मऊ पोळी, तुकडे केलेले. झाकण उघडून तिनं डबा आमच्या दोघींच्या मध्ये ठेवला आणि समोर बघत म्हणाली, "आई, एक सांगू? रागावू नका."

"सांग."

"पहिली दोन वर्षं मी वाट बघत होते."

कशाची, ते मी विचारलं नाही.

"तुम्ही आत गेलात की मी बाकावर बसून मनात तेच म्हणायचे. काहीतरी निघू दे. दोन वर्षं म्हणत होते. आणि तुम्ही बाहेर येऊन म्हणायचात, काही नाही निघालं. मग मला माझीच इतकी लाज वाटायची, की घरी जाऊन तुम्हाला काय करून घालू आणि काय नको असं व्हायचं." तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीबद्दल बोलावं तसा. "तुम्ही वाटी सरकवायचात ना, तेव्हा मला वाटायचं, यांना कळलंय."

पाच वर्षं मी जिला शिक्षा समजत होते ती तिची शरम होती. एकाच स्वयंपाकघरात आम्ही दोघी एकमेकींपुढे मान खाली घालून उभ्या होतो, मधे एक वाटी. "अगं, तुला तसंच सांगून आणलं होतं," मी म्हटलं. "आत्या बोलली ते मी ऐकलं होतं. पडद्याआड होते मी."

तिनं जीभ चावली. मग हसायला आलं तिला, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. "आत्या अजून विचारते. तुझी सासू काय म्हणते, म्हणते."

"काय सांगतेस?"

"मजेत आहेत म्हणते."

ती कॉलेजच्या इमारतीकडे बघत होती. वरच्या मजल्यावर प्रयोगशाळा असावी. खिडकीत काचेच्या बरण्या दिसत होत्या. मी मनात तिची वर्षं मोजत होते आणि मोजून झाली की पुन्हा पहिल्यापासून मोजत होते.

"पहिल्यापासून म्हणजे तीन वर्षं," ती म्हणाली. "मी करीन. पण कॉलेज सकाळचं. पोराला बालवाडीतून आणणं, खायला घालणं, दुपारी झोपवणं, हे कोणीतरी बघायला पाहिजे. तुमचं खाणं मी करून ठेवत जाईन." मग तिनं माझ्याकडे वळून बघितलं. पोहे घेऊन आली होती त्या दिवशी बघितलं होतं तसं, सरळ. "तीन वर्षं आहात ना, आई?"

डॉक्टर असा प्रश्न टाळतात. मुंबईच्या कागदालाही त्याचं उत्तर येत नव्हतं आणि पंचांगालाही नाही. माझ्या वर्गात कोणी असं उत्तर लिहिलं असतं तर मी निम्मे गुण कापले असते.

"आहे," मी म्हटलं, आणि डब्यातला पोळीचा तुकडा उचलला.